मंडईच्या पैशांना हात लावायचा नाही

बाई,

काल तुझ्या गावची मंडई झाली. तू नसताना झाली. तुला जाऊन महिना होतो न होतो तोच चौकात पाळणे उभे राहिले, जिलेबीच्या कढया चढल्या, शिंगाड्यांचे ढीग लागले आणि नाटकाचा भोंगा दुपारपासून केकाटायला लागला. मला वाटलं होतं, निदान एक वर्ष तरी गाव थांबेल. कशाला थांबेल? तू काही सरपंच नव्हतीस. तरी मला राग आला, आणि तो राग घेऊनच मी आज सकाळी आमगावला परत आले. मशीनवर लोकांचे ब्लाउज पडलेत. त्यातला एकही आज शिवला जाणार नाही, कारण आज मला तुझ्याशी भांडायचं आहे.

तू गेल्यापासून सगळे तुझ्याबद्दल गोड बोलायला लागलेत. देवमाणूस होती म्हणतात. हात सढळ होता म्हणतात. बोलू देत. सख्खी धाकटी बहीण म्हणून मला जे माहीत आहे ते मी सांगते. तू एक नंबरची हट्टी बाई होतीस. खोटारडीही होतीस, पण ते मला कालपर्यंत माहीत नव्हतं.

माझ्या पल्लवीच्या कॉलेजात पुण्याकडची एक मुलगी आहे. ती परवा विचारत होती, मंडईला जायचं म्हणजे भाजी आणायला का? पल्लवीने तिला समजावून सांगितलं, की आमच्याकडे भाऊबीज झाली की एकेका गावची मंडई लागते. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे. लेकी येतात, जावई येतात, लग्नाच्या पोरी बघितल्या जातात, दिवसा बाजार आणि रात्रभर नाटक. दिवाळीला नाही आलं तर चालतं, मंडईला नाही आलं तर माणूस रुसतं. सगळं नीट सांगितलं पोरीने. फक्त एक गोष्ट सांगितली नाही, कारण ती फक्त तुझ्याच घरी होती. इतरांकडे लेकीची बोळवण होते, म्हणजे माहेरी आलेल्या बाईला जाताना लुगडं-चोळी देतात. तुझ्याकडे जो येईल त्याची बोळवण. बहिणीची, भावाची, भावजयीची, पोरांची, एका वर्षी तर आमच्याबरोबर आलेल्या रिक्षावाल्याचीसुद्धा. त्याला तू बनियान दिलीस. तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला.

लोक म्हणायचे, हिला मूलबाळ नाही म्हणून वाटत सुटते. हे ऐकलं की मला एकेकाचा गळा धरावासा वाटायचा. तू मात्र हसायचीस आणि म्हणायचीस, "म्हनू दे न. खरं बी असन." तुझं हे असं असायचं. भांडायला माणूस समोर उभं राहिलं की तू खाली बसायचीस.

आणि पैसे कुठून यायचे? भाऊजी बांधाच्या तलावात जाळं टाकायचे. मोठी मासळी काट्यावर जायची, तो पैसा घराचा. तेल, मीठ, वीज, भाऊजींची बिडी, सगळं त्यातून. जाळ्याच्या तळाला जो बारीक झिंग्यांचा लगदा उरायचा, तो तुझा. तू तो निवडायचीस, काठावर जुनं लुगडं पसरून वाळवायचीस, कावळे हाकलत दिवसभर उन्हात बसायचीस, आणि अर्जुनीच्या बाजारात वाटीच्या मापाने विकायचीस. ते झिंग्यांचे पैसे घरात खर्च करायचे नाहीत हा तुझा कायदा. ते मंडईचे. ठेवायचीस कुठे, तर वाळल्या झिंग्यांच्याच मडक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. म्हणायचीस, चोर आला तर नाक दाबून पळन. चोर कधी आला नाही, पण अर्जुनीचा कापडवाला तुझ्या नोटा दोन बोटांनी धरून गल्ल्यात टाकायचा. मी स्वतः पाहिलं आहे. मला शरमेने मेल्यासारखं झालं होतं, आणि तू त्यालाच सांगत होतीस, "वास घे न भाऊ, तोंडाले पानी सुटन."

हसू येतं आहे मला. हे चांगलं नाही. मला आज हसायचं नाही.

त्या मडक्यातल्या पैशांपायी तू काय काय केलंस ते आठव. एका पावसाळ्यात तुमच्या पडवीच्या छपराची कवेलू वाऱ्याने उडाली. घरात पैसा नव्हता, मडक्यात होता. तू पडवीवर ताडपत्री टाकलीस आणि चार महिने तिच्याखाली बादल्या ठेवल्यास. भाऊजींचं जाळं फाटलं, नवं घ्यायला पैसे हवे होते. तू दिले नाहीस. ते दुसऱ्याचं जाळं मागून न्यायचे आणि मासळीतला वाटा त्याला द्यायचे. भाऊजींनी एकदा माझ्यासमोर आवाज चढवला तेव्हा तू शांतपणे म्हणालीस, "मंडईच्या पैशाले हात नाही लावाचा." जणू ते पैसे तुझे नव्हतेच. कोणीतरी दुसऱ्याने तुझ्याकडे सांभाळायला दिले होते आणि तू फक्त राखण करत होतीस.

आणि ते जायचे कोणाकडे? मी शिवणकाम करते, मला साड्यांचे प्रवास माहीत आहेत. तू धनराजच्या बायकोला दिलेली जांभळ्या काठाची साडी पुढच्या वर्षी तिच्या भाचीने माझ्याकडे फॉल लावायला आणली. घडीही मोडलेली नव्हती. मी काठ ओळखला आणि रागाने मला दिवसभर सुई ओवता आली नाही. आपल्या सख्ख्या भावाची बायको, तिने तुझी साडी परस्पर फिरवली. मी तुला फोन करून सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी तुझे डोळे उघडतील. तू म्हणालीस, "फिरू दे. साडी फिरून राहिली म्हनजे मानसं एकमेकाच्या घरी जाऊन राहिले न?" मी फोन ठेवून दिला.

धनराजची तर मला वेगळीच चीड आहे. भावाने बहिणीला घालावं ही रीत. तो दर मंडईला तुझ्याकडे यायचा, झिंग्यांची भाजी आणि भात दोनदा वाढून घ्यायचा, शर्टाचं कापड काखेत मारायचा आणि "बाई, यंदा धान काही पिकला नाही" असं म्हणत मोटारसायकलला किक मारायचा. त्याचा धान तुझ्या मंडईच्या वेळी कधीच पिकलेला नसायचा. तू त्याच्यामागे रस्त्यापर्यंत जायचीस आणि वर शिंगाड्यांची पिशवी हॅन्डलला अडकवायचीस.

पण कबूल करते, एका बोळवणीबद्दल मला बोलायला तोंड नाही. माझं लग्न झालं त्या वर्षीची मंडई. माझा नवरा तेव्हा आमगावच्या राइस मिलमध्ये हमाली करायचा आणि मी घरी बसून शेजारणींचे ब्लाउज शिवून बघत होते. भाजी चिरायच्या सुरीने कापड कापायचे, कडा फाटायच्या. तू एकदा येऊन ते पाहून गेलीस, बोलली काहीच नाहीस. मंडईला सगळ्यांच्या हातात साड्या आल्या आणि माझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड आलं. उघडलं तर टेलरची कैची, लोखंडी, काळ्या मुठीची. शेजारच्या बायका लगेच म्हणाल्या, कैची कोणी देते का, नातं कटते. तू माझ्याकडून एक रुपया मागून घेतलास, म्हणजे ती भेट नव्हे, विकत झाली. मग त्यांना म्हणालीस, "नातं कटाले कैची कायले लागते? तुमी बोलता ते पुरते." त्या कैचीवर माझं घर उभं राहिलं, पल्लवीचं कॉलेज उभं राहिलं. त्या वर्षी तुझ्या झिंग्यांच्या पैशांतला मोठा हिस्सा त्यात गेला असणार, कारण तू स्वतः त्या मंडईला जुनंच लुगडं नेसली होतीस. मी तुला कधी नीट धन्यवाद म्हटलं नाही. बहिणीला कोण म्हणतं? आता म्हणते. घे.

आता मुद्द्यावर येते.

पोळ्याला मी तुझ्याकडे आले होते. तू तलावावरून घरापर्यंत येताना तीनदा बसलीस. पहिल्यांदा मला वाटलं चप्पल तुटली. दुसऱ्यांदा तू वाटेतल्या दगडावर बसून पदराने वारा घेत होतीस आणि तुझे ओठ जांभळे दिसत होते. पाय बघितले तर सुजलेले. बोट दाबलं की खड्डा पडत होता. खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलंस की गावच्या दवाखान्यात दाखवलं आहे, तिथल्या डॉक्टरने गोंदियाला जाऊन छातीची सोनोग्राफी करून या म्हटलं आहे, उशीर करू नका म्हटलं आहे. ते कधी म्हटलं? आखाडीच्या वेळी, म्हणजे दीड महिना आधी. मला तिथेच तुझ्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

"मंग काऊन नाही गेलीस?"

"जाईन न. मंडई होऊ दे."

"मंडईचा अन् छातीचा का संबंध?"

"खर्च हाय न तिकडं. घरात आता नाही. मडक्यात हायेत, पन ते मंडईचे हायेत."

भाऊजी दारात जाळं सांधत बसले होते. ते मान वर न करता म्हणाले, "मी सांगून थकलो. आता तूच सांग."

मी सांगितलं. ओरडून सांगितलं, गल्लीतल्या बायका दारात येईपर्यंत सांगितलं. शेवटी म्हटलं, "मले यंदा साडी नोको. साडी घेतलीस न बाई, तं तुज्या दारात पाय नाही ठेवन. माज्या साडीचे पैसे काढ अन् छाती दाखव."

तू हसलीस. "तुज्या साडीच्या पैशात छाती दिसन का? एक बाजू दिसन."

तेव्हा मी पिशवीतून माझे पैसे काढले. राखीच्या आधी ब्लाउजांची गर्दी असते, त्यातले बाजूला ठेवलेले होते. तुझ्या मुठीत कोंबले आणि तुझी मूठ माझ्या दोन्ही हातांत दाबून धरली. म्हटलं, हे मंडईचे नाहीत, हे तुझ्या छातीचे आहेत, समजलं? तू म्हणालीस, समजलं. इतक्या लवकर म्हणालीस. चार आण्याची वस्तूही कोणाकडून न घेणारी तू, पैसे घेऊन गप्प कमरेला खोचलेस. मला त्याच वेळी कळायला हवं होतं. मी उलट खूश झाले. परतीच्या गाडीत नवऱ्याला फोन करून म्हटलं, बाई जिंदगीत पहिल्यांदा वळली.

मग मी रोज फोन करायचे. झाली का सोनोग्राफी? उद्या जातो. झाली का? भाऊजीले वेळ नाही. झाली का? आणि एक दिवस तू म्हणालीस, "झाली न. डाक्टर म्हने काही नाही, ग्यास हाय." मी विचारलं, सुजेचं काय? तू म्हणालीस, मीठ कमी खा म्हने. मी देवापुढे नारळ फोडला. पल्लवीला सांगितलं, मोठ्या मायला काही नाही, गॅस आहे. ती निश्चिंत झाली, मी निश्चिंत झाले, आणि तू तिकडे पितृपक्षात अर्जुनीला कापड खरेदीला गेलीस.

पितृपक्षात, कारण त्या पंधरवड्यात नवं कोणी काही घेत नाही, दुकानदार माश्या मारत बसतात आणि भाव पाडून देतात. ही तुझी दरवर्षीची युक्ती. सगळं गाव दिवाळीच्या तोंडावर रांगा लावून महाग घ्यायचं आणि तू पितरांच्या दिवसांत रिकाम्या दुकानात पाय पसरून बसून घासाघीस करायचीस. आपल्या मायला हे आवडायचं नाही. तिला तू सांगितलं होतंस, पितर आपलेच हायेत, आपल्याले दोन पैसे वाचले तर ते कायले रागावतीन. तुझ्या तेरवीला ओसरीवर दोन बायका कुजबुजत होत्या, की पितृपक्षात नवे कपडे घरात आणले म्हणून असं झालं. मी उठून त्यांच्यासमोर गेले आणि म्हटलं, तुमच्या अंगावरचं लुगडं मागच्या पितृपक्षातलंच आहे, बाईनेच दिलेलं, मग तुम्ही कशा जिवंत? त्या उठून गेल्या. धनराजने मला बाजूला घेऊन सांगितलं, आजच्या दिवशी तरी गप्प राहा. मी राहिले नाही.

तू गेलीस ती भर दुपारी, दसऱ्यानंतर, तलावाच्या काठावर, झिंगे वाळत घालताना. भाऊजी म्हणाले, बसल्या बसल्या कलली. मी पोचले तेव्हा तुला अंगणात ठेवलं होतं. मी रडले, पण रडताना माझ्या डोक्यात सारखा तो गोंदियाचा डॉक्टर येत होता. गॅस म्हणाला मेला. पैसे घेतले आणि गॅस म्हणाला. महिनाभर मी त्याला शिव्या घातल्या. मशीन चालवताना, भांडी घासताना, झोपेतसुद्धा. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नवऱ्याला म्हटलं, दिवाळी झाली की आपण त्या डॉक्टरच्या दारात जाऊन बसू, मी सोडणार नाही. त्याचं नाव विचारायला मी भाऊजींना फोन करणार होते. मग विचार केला, मंडईला जायचंच आहे, तेव्हा समोर विचारू.

म्हणून काल मी भांडणाच्या तयारीनेच आले होते. ठरवलं होतं दोन गोष्टी करायच्या. डॉक्टरचं नाव घ्यायचं, आणि बोळवण होऊ द्यायची नाही. दुखाचं घर आहे, तिथून कोणी काही घेऊन जात नाही. उलट आपण न्यायचं असतं. धनराजला तसं दोन दिवस आधी फोन करून बजावलं होतं, भाऊजींना कपडे घेऊन ये. तो एक टॉवेल घेऊन आला. एक टॉवेल, बाई. मी तो हातात घेऊन बघितला आणि परत त्याच्याच मांडीवर ठेवला.

जेवणं झाली. यंदा भाजी तुझ्या शेजारणीने केली होती, तिने झिंग्यांत वांगी घातली, तू घालत नाहीस. भाऊजी आत गेले आणि मोठी प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. मी उभी राहिले. म्हटलं, "भाऊजी, ते आत ठेवा. यंदा कोनी काही नेनार नाही. दुकानात वापस करा, तुमच्या घराले लागन."

ते पिशवी धरून तसेच उभे. त्यांच्या तोंडावर दाढीचे खुंट वाढले होते. म्हणाले, "निर्मला, तिनं मले एकेक दाखवून ठेवलन. हा कोनाचा, हा कोनाचा. मंडईले मी कामात राहीन, तुमी इसरसान म्हने. हे इथंच राहिलं तं मी या घरात राहू नाही शकत. रोज दिसते ते मले."

तुझ्या नवऱ्याला मी रडताना कधी पाहिलं नव्हतं. तो रडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो फक्त पिशवी पुढे धरून उभा होता. मी ती घेतली आणि ओसरीवर बसून एकेक बाहेर काढायला लागले, ते शेजारी बसून सांगायला लागले.

धनराजला शर्टाचं कापड. त्याच्या बायकोला साडी, यंदा हिरव्या काठाची. मी ती तिच्या हातात देताना म्हटलं, नेसायची, फिरवायची नाही. तिने मान खाली घातली आणि साडी छातीशी धरली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं होतं ते पाणी. मला तेही सहन झालं नाही. धनराजच्या पोरांना चड्ड्या-शर्ट. माझ्या नवऱ्याला लुंगी. शेजारणीला ब्लाउजपीस. मी देत गेले आणि लोक घेत गेले, मान खाली घालून. बाहेर भोंग्यावर कोणीतरी नाटकाच्या तिकिटाचे भाव सांगत होतं.

मग एक छोटी लाल डबी निघाली. भाऊजी म्हणाले, "पल्लवीचे."

चांदीचे पैंजण. बाई, तू आयुष्यात कोणाला चांदी दिली नव्हतीस. झिंग्यांत चांदी येत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. मी भाऊजींकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते.

"हे कुठून आनलन तिनं?"

"तुजेच हायेत."

"मी दिले ते छातीसाठी होते. छाती तं दाखवलन न तिनं? डाक्टर ग्यास म्हनला न?"

"कोनता डाक्टर? ते गेलीच नाही गोंदियाले," भाऊजी म्हणाले. "म्हने निर्मीची पोरगी कालेजात जाते, पाय उघडे दिसतेत. मंडई झाली का झिंगे इकून जाईन म्हने दवाखान्यात."

म्हणजे मी महिनाभर अशा डॉक्टरला शिव्या घालत होते ज्याने तुला कधी पाहिलंच नव्हतं. तुझ्या छातीचे पैसे तू माझ्याच पोरीच्या पायात घातलेस आणि मला फोनवर गॅस सांगितलास. मीठ कमी खा सांगितलंस. इतकं बारीक खोटं तू कधी शिकलीस? मला फसवून तू मलाच दिलंस, आणि आता मी कोणाच्या दारात जाऊन बसू, ते तरी सांग. पल्लवी पैंजण हातात घेऊन माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं मी ते फेकून देईन. फेकणारच होते. पण ती म्हणाली, "मम्मी, मी घालू का?" आणि वाट न बघता घातले. बरोबर बसले. पायाचं माप तू कधी घेतलंस तेही मला माहीत नाही.

मी तशीच बसून होते. आपल्यालाही काहीतरी असेल, हे मला माहीत होतं. आता सांगायला लाज कशाला, मी वाट बघत होते. साडी निघाली की ती घेऊन आधी अंगणात आपटायची, मग काय करायचं ते नंतर बघू, असं मनात चाललं होतं. पिशवीत हात घातला. काही लागलं नाही. पिशवी उलटी करून झटकली. दुकानाचा एक पुठ्ठा पडला आणि दोन टाचण्या.

"माजी कोनती?" मी विचारलं.

भाऊजी गोंधळले. "तुजी नाही. तूच नाही म्हनलीस न पोळ्याले? दुकानात तिनं तुज्यासाठी एक काढलन होती. बराच वेळ मांडीवर घेऊन बसली. मंग वापस देलन. म्हने, निर्मी दारात नाही येनार."

उन्हात बसू नको म्हटलं, ऐकलं नाहीस. ताडपत्री काढून कवेलू टाक म्हटलं, ऐकलं नाहीस. धनराजचे लाड बंद कर म्हटलं, दवाखान्यात चल म्हटलं, खोटं बोलू नको हे तर सांगायचीही वेळ आली नाही. पन्नास वर्षं मी तुला काही ना काही सांगत आले आणि तू हसून सोडून देत आलीस. त्या सगळ्यातलं एकच तुला ऐकायचं होतं, आणि तू हे निवडलंस. आज मंडईहून मी रिकाम्या हाताने परत आले, बाई. मी रागात बोलले होते. तू कधीपासून माझा राग खरा मानायला लागलीस?